गर्भवती वधूचे वस्त्र आणि शाकुंतलाचा चौथा अंक

विलायतेत व अमेरिकेत लग्नाचा झगा वधूच्या अंगाच्या मापाने शिवून देणारे जे कारागीर आहेत, त्यांच्याकडे गर्भवती वधूही येतात, आणि त्यांच्यासाठी झगा बेतण्याचे एक स्वतंत्र तंत्रच तेथे तयार झाले आहे, असे सांगितले तर आमच्या देवस्थानांच्या परिवारातील पुष्कळ वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. लग्न आधी आणि डोहाळे नंतर, हा क्रम ज्यांनी आजन्म गृहीत धरला, त्यांना हा विषयच अमंगळ वाटावा, यात नवल नाही. तथापि विषय अमंगळ आहे की आमची दृष्टी अपुरी आहे, याचा निवाडा करण्यापूर्वी दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे. कारण ज्या नाटकाला आपण संस्कृत नाट्यवाङ्मयाचे शिरोभूषण म्हणतो, त्या ‘अभिज्ञानशाकुंतला’चा सर्वांत वाखाणला गेलेला चौथा अंक म्हणजे एका गर्भवती वधूला सासरी धाडण्यासाठी वस्त्राभरणांनी सजविण्याचा प्रसंग होय. तो अंक आपण पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांत पाणी आणून वाचतो. आणि वाचताना त्यातील ती एक गोष्ट मात्र सोयिस्करपणे विसरतो.

शकुंतलेकडे जाण्यापूर्वी त्या परदेशी झग्याचे शिवणकाम थोडे समजून घेणे इष्ट आहे; कारण पुढील विवेचनाचा धागा तेथूनच निघतो. साध्या वधूचा झगा लग्नाआधी काही महिने मापून बेतता येतो. गर्भवती वधूच्या बाबतीत अडचण अशी, की ज्या अंगाचे माप घ्यायचे ते अंग लग्नाच्या दिवशी असणारच नाही. कारागिराला आजचे माप टिपून उद्याच्या देहाचा अदमास बांधावा लागतो. म्हणून कमरेची शिवण कमरेवर न ठेवता छातीच्या लगेच खाली आणतात आणि तेथून कापड चुण्यांनी मोकळे सोडतात. नेपोलियनच्या साम्राज्यकाळात फ्रान्समध्ये जी उंच कमरेची तऱ्हा रूढ होती, तीच ही. पाठीला साखळीऐवजी फासे आणि बंद ठेवतात, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत सैल अथवा घट्ट करता येते. बाजूच्या शिवणींत जादा कापड राखून ठेवतात. पोटाच्या उंचवट्यामुळे झग्याचा पुढचा काठ वर उचलला जातो व पावले उघडी पडतात, म्हणून पुढील घेर मागच्यापेक्षा लांब कापावा लागतो. पाय सुजतात, तेव्हा उंच टाचेची पादत्राणे चालत नाहीत. आणि टाच बदलली की काठाची उंचीही बदलते. कापड शिफॉन किंवा क्रेप यांसारखे अंगावरून सहज ओघळणारे घ्यायचे, आणि शेवटची तपासणी शक्य तितकी लग्नाच्या तिथीजवळ आणायची. हे सारे वाचल्यावर कोणाही सहृदय माणसाला त्या कारागिराविषयी आदर वाटल्यावाचून राहणार नाही.

परंतु शिवण तीच असली तरी हेतू दोन असू शकतात, आणि टीकाकाराने पाहायचे ते हेतूकडे. एक कारागीर विचारतो, ‘हे कसे दिसू नये?’ मग तो पोटावर जाळीचे थर चढवितो, फुलांचे गुच्छ टाचतो, आणि वधूच्या हाती एवढा मोठा पुष्पगुच्छ देतो की छायाचित्रात तिच्या छातीखालचा भागच नाहीसा व्हावा. दुसरा विचारतो, ‘हिला उभे राहताना, बसताना, श्वास घेताना सुख कसे लाभेल?’ पहिल्याचे काम नेहमी थोडे केविलवाणे दिसते. कारण ज्या वस्त्राचे सारे चित्त एखादी गोष्ट लपविण्यात गुंतले आहे, ते पाहणाऱ्याचे चित्त नेमके त्याच गोष्टीकडे ओढून नेते. न्यायालयात जो साक्षीदार विचारले नसतानाही ‘मी तेथे नव्हतो’ म्हणतो, त्याच्यासारखेच हे!

युरोपातील या लपवाछपवीला पांढऱ्या रंगाने अधिक जोर आणला. १० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आपल्या विवाहात पांढऱ्या सॅटिनचा आणि हॉनिटन येथील जाळीकामाचा झगा परिधान केला. तत्पूर्वी तेथील वधू आपल्या ऐपतीप्रमाणे निरनिराळ्या रंगांची वस्त्रे घालून विवाहास उभ्या राहत. राणीच्या अनुकरणाने पांढरा रंग प्रतिष्ठा पावला, आणि त्या रंगाला कौमार्याचा अर्थ पुढे चिकटविण्यात आला. म्हणजे रंग आधी, शुचिता मागाहून. आमच्या गोव्यातील ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरीही पांढरा झगा आला. पण त्याच्या जोडीला त्यांनी वधूचा तांबडा ‘साडो’ टाकला नाही, आणि तो साडो कापण्यासाठी शिंप्याला घरी बोलावून, शेजारीपाजारी जमवून सोहळा करण्याची चालही राखली. वधूचे वस्त्र बेतणे ही शिंपी आणि गिऱ्हाईक यांच्यातली केवळ देवघेव नसून त्यात वाड्याचा आशीर्वाद मिसळलेला असतो, ही जाण त्या चालीत आहे.

आम्हां हिंदूंच्या घरी शिवणीचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. लुगड्याला माप नसते. नऊ वार असो वा सहा वार, नेसणारीच्या निऱ्यांच्या संख्येत सर्व महिने सामावतात, आणि पाचव्या-सातव्या महिन्यात ओटी भरताना नेसविलेले हिरवे लुगडे बाळंतपणानंतरही तेच असते. वस्त्राने इतकी उदारता दाखविली, म्हणून की काय, मापे काढण्याचे काम आमच्या समाजाने जिभेकडे सोपविले.

वस्त्र आणि गर्भ यांविषयी पाहणाऱ्याची दृष्टी किती फसवी असते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण चित्रकलेत आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आयक याने १४३४ साली रंगविलेले आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र आहे. लांकडी फळीवरचे हे तैलचित्र एका मीटरपेक्षाही कमी उंचीचे; पण त्यातील स्त्रीचा फरची किनार असलेला हिरवा घोळदार झगा एकदा पाहिला की विसरत नाही. तिने झग्याचा पुष्कळसा घोळ हाताने पोटाशी उचलून धरला आहे, आणि तो उंचवटा पाहून असंख्य प्रेक्षकांनी तिला गर्भवती ठरविले. आमच्याकडील कोणी आजी ते चित्र पाहती, तर हिरव्या रंगावरून तिने डोहाळजेवणाचाच मुहूर्त काढला असता! परंतु चित्र ज्यांच्या ताब्यात आहे त्या संग्रहालयाचे अभ्यासक म्हणतात की ती गर्भवती नाही. त्या काळच्या तऱ्हेप्रमाणे जड वस्त्राचा घोळ तिने वर धरला आहे, इतकेच. एर्विन पॅनोफ्स्की या विद्वानाने १९३४ मध्ये असे प्रतिपादन केले होते की हे चित्र म्हणजे एक विवाहलेखच असून, मागील भिंतीवर आपण तेथे हजर होतो असे लिहिणाऱ्या चित्रकाराने त्यावर साक्षीदार म्हणून सही केली आहे. आमच्यासारख्या वकिली पेशाच्या माणसास हे मत मोठे गोड वाटते. पण उत्तरकालीन अभ्यासकांनी ते जसेच्या तसे मान्य केलेले नाही. राहता राहिले ते असे, की एका सालस गृहिणीच्या झग्यावरून लोकांनी तिच्या पोटाची चर्चा कित्येक पिढ्या केली, आणि ती चर्चा सर्वस्वी कापडाची होती.

आता कालिदासाकडे येऊ. व्हान आयकच्या चित्रात गर्भ नसून वस्त्रामुळे दिसला. कालिदासाच्या नाटकात गर्भ आहे, तो कोणी लपविलेला नाही, आणि तरीही ज्याने ओळखायचे त्याने ओळखले नाही.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की राजसभेत उभी राहिलेली शकुंतला गर्भवती असावी, हा कालिदासाचा स्वतःचा निर्णय आहे. महाभारतातील शकुंतलेला मुलगा आश्रमातच होतो, आणि तो सहा वर्षांचा झाल्यावर ती त्याला हाताशी धरून हस्तिनापुरास जाते. तेथे अंगठी नाही, दुर्वासाचा शाप नाही; राजाला सारे आठवत असून तो नाकारतो, आणि ती त्याला खडे बोल सुनावते. कालिदासाने शाप आणि अंगठी घातली, यावर टीकाकारांनी खंडच्या खंड लिहिले. मुलाला पुन्हा मातेच्या उदरात नेऊन ठेवले, याविषयी मात्र फारच थोडे बोलले जाते. वास्तविक नाट्यदृष्ट्या हा बदल अधिक धाडसी आहे. सहा वर्षांचा मुलगा स्वतः पुरावा होऊन उभा राहतो. त्याची चर्या, त्याचे बळ बोलते. उदरातला जीव बोलत नाही. त्याच्या वतीने बोलायचे ते आईच्या शब्दाने, सोबत्यांच्या निरोपाने आणि तिच्या अंगावरच्या वस्त्राने.

आणि वस्त्र या नाटकात पहिल्यापासून बोलते आहे. पहिल्या अंकात शकुंतला तक्रार करते की प्रियंवदेने वल्कल फार आवळून बांधले आहे, आणि अनसूयेला ते सैल करावयास सांगते. प्रियंवदा थट्टेने म्हणते, दोष माझा नव्हे, तुझ्या वाढत्या यौवनाचा आहे. रसिकांनी या थट्टेतील शृंगार पुरेपूर चाखला. पण देह वाढतो आणि वस्त्र पुरत नाही, ही गोष्ट नाटककाराने नायिकेच्या प्रवेशाबरोबरच प्रेक्षकांच्या कानी घातली, हे कोणी पाहिले? आणि सैल कोण करते, तर अनसूया. दोघी सख्यांचे स्वभाव त्या एका गाठीत दिसतात. पहिली बांधून विनोद करणारी, दुसरी न बोलता मोकळे करणारी. त्याच अंकाच्या अखेरीस शकुंतला झुडपाला वल्कल अडकल्याचा बहाणा करून मागे वळून पाहते. ते अडकले नव्हते, हे राजा दुसऱ्या अंकात विदूषकाला सांगतो.

चौथ्या अंकाच्या आरंभी काळजी पडली आहे ती अनसूयेलाच. प्रवासाहून परतलेल्या तात कण्वांना, शकुंतलेने दुष्यंताशी विवाह केला असून ती आपन्नसत्त्वा, म्हणजे गर्भवती, आहे हे सांगावे कोणी? लग्नघरातील ही काळजी आजही जशीच्या तशी आहे. कालिदासाने तिचे निवारण ज्या रीतीने केले तिचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते. कण्व अग्निशाळेत शिरतात तेव्हा त्यांना एक अशरीरिणी वाणी ऐकू येते आणि ती वाणी गर्भाची वार्ता दोष म्हणून सांगत नाही, पृथ्वीच्या कल्याणासाठी धारण केलेले तेज म्हणून सांगते. शमीच्या झाडात जसा अग्नी, तशी ही कन्या. म्हणजे बातमी बापाच्या कानी पडते ती देवघरातून, आळीतून नव्हे. लाजेने मान खाली घातलेल्या मुलीला कण्व जवळ घेतात, तिचे अभिनंदन करतात, आणि त्याच दिवशी पाठवणीची तयारी सुरू होते. एक शब्द रागाचा नाही. आमच्यातील ज्या गृहस्थांना शास्त्राचा अभिमान आहे त्यांनी हा कुलपती कण्व पुन्हा एकदा वाचावा.

मग सजविणे. अनसूयेने या दिवसासाठी बकुळीची माळ आधीच करून, नारळाच्या डबीत घालून, आंब्याच्या फांदीला टांगून ठेवलेली आहे. दिवस येणार हे तिला ठाऊक होते आणि तो दिवस येईपर्यंत टिकेल असेच फूल तिने निवडले. बकूळ सुकली तरी वास सोडीत नाही. शिवणीत जादा कापड राखणाऱ्या त्या दूरदेशच्या शिंप्याची ही सख्खी बहीण म्हणावयाची! कण्वांनी शिष्यांना झाडांकडे फुले आणावयास धाडलेले असते. पण झाडे फुलांवर थांबत नाहीत. एक झाड चंद्रासारखे शुभ्र क्षौमवस्त्र देते, दुसरे पायांसाठी लाक्षारस देते, आणि इतर झाडांतून वनदेवता मनगटापर्यंत हात बाहेर काढून अलंकार पुढे करतात. पांढरे वस्त्र, आणि वधू गर्भवती! व्हिक्टोरिया राणीच्या कितीतरी शतके आधी हे लिहिले गेले. येथे शुभ्रपणाचा अर्थ मांगल्य एवढाच आहे, आणि ते मांगल्य गर्भामुळे कमी झालेले नाही.

आणखी एक लहानसा तपशील आहे. दागिने समोर आल्यावर सख्या गोंधळतात. तपोवनातल्या मुलींनी अलंकार कधी वापरलेले नाहीत. तेव्हा चित्रांत जसे पाहिले तसे घालू, असे म्हणून त्या तिला सजवितात. आजची मुलगी चित्रे समोर ठेवून झगा निवडते, म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. फरक एवढाच, की अनसूया-प्रियंवदा चित्रातल्या बाईचे अंग शकुंतलेवर लादीत नाहीत. चित्र दागिन्यापुरते, माप सखीचे.

शकुंतला स्वतः आपल्या गर्भाविषयी या अंकात अवाक्षर काढीत नाही, आणि तरी ते सांगितले जाते. निघताना ती पर्णकुटीजवळ चरणाऱ्या, गर्भभाराने मंद झालेल्या हरिणीकडे पाहून कण्वांना म्हणते की ही सुखरूप व्याली म्हणजे मला निरोप धाडा. असे वाक्य ज्याला सुचले त्याने स्त्रियांचे बोलणे कान देऊन ऐकले असले पाहिजे. आमच्या घरांतील बायकाही आपल्या पोटाची गोष्ट अशीच गोठ्यातल्या गाईवर घालून बोलत आल्या आहेत. आणि लगेच कोणीतरी मागून तिचे वस्त्र ओढते. तिने मूठ मूठ धान्य चारून वाढविलेले ते आईवेगळे पाडस. पहिल्या अंकात वस्त्र अडकल्याचा बहाणा होता. आता ते खरोखर धरले गेले आहे, आणि धरणारा एक पोरका बछडा आहे. आईवेगळ्या पिलाची ही सूचना करून कवी तिला राजसभेत नेतो.

पाचव्या अंकात वस्त्राचा कस लागतो. तिच्या अंगावर अवगुंठन आहे, पण ते तोंडावर. गर्भ कोणी झाकलेला नाही. कण्वांचा निरोप सांगताना शार्ङ्गरव आरंभीच स्पष्ट शब्दांत सांगतो की ही गर्भवती आहे, सहधर्माचरणासाठी हिचा स्वीकार व्हावा. वधूपक्षाने कोणतीही वस्तुस्थिती दडविलेली नाही, हे आम्ही वकिलाच्या नात्याने नमूद करतो. राजाला ओळख पटेना, तेव्हा गौतमी अवगुंठन दूर करते. आणि येथे कालिदासाचा क्रूर विनोद दिसतो. उघडा केलेला चेहरा राजा ओळखत नाही. झाकलेल्या उदराची लक्षणे मात्र त्याला स्वच्छ दिसतात. तो म्हणतो ते थोडक्यात असे की जिच्या अंगावर गर्भाची चिन्हे उघड आहेत तिला स्वीकारून मी स्वतःला ‘क्षेत्री’ कसे म्हणवून घेऊ? हा शब्द प्रेमिकाचा नव्हे, कायदेपंडिताचा आहे. बीज दुसऱ्याचे आणि शेत माझे, अशी वहिवाट मला नको, असा त्याचा अर्थ.

कायद्याचाच प्रश्न राजाने काढला, तर कायदा पाहू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत, त्यांत ‘सहोढ’ नावाचा एक आहे. वधू गर्भवती असता, जाणून वा न जाणून, जो तिच्याशी विवाह करतो, त्याचाच तो पुत्र. वधूबरोबर वाहून आणलेला, असा त्या शब्दाचा अर्थ. त्याला दायादांत स्थान नाही, पण बांधवांत आहे. म्हणजे स्मृतिकारांना ही गोष्ट इतकी परिचित होती की त्यांना तिच्यासाठी संज्ञा घडवावी लागली. आजचा कायदा त्याहून उदार आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमानुसार वधू विवाहसमयी गर्भवती होती, एवढ्याने विवाह रद्द मागता येत नाही. ती अन्य पुरुषापासून गर्भवती होती आणि पतीला ते ठाऊक नव्हते, असे दाखवावे लागते, त्यातही विवाहापासून एक वर्षाच्या आत यावे लागते आणि कळल्यानंतर संमतीने सहवास झालेला नसावा लागतो. गोव्यात विवाहाचा कायदा पोर्तुगीज काळापासून निराळा आहे, तो विषय येथे काढीत नाही. पुराव्याच्या कायद्यात, १८७२ च्या जुन्या आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या, दोहोंतही वैध विवाह चालू असता जन्मलेले मूल पतीचेच, हा निर्णायक पुरावा मानला आहे. पतिपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते असे सिद्ध झाल्यासच तो ढळतो. कायदा जन्माची वेळ पाहतो. लग्नाच्या दिवशी वधूच्या कमरेचा घेर किती होता, हे तो विचारीत नाही.

दुष्यंताच्या पुरोहिताने सुचविलेली तोड आजच्या अंतरिम आदेशासारखीच आहे. प्रसूतीपर्यंत तिने माझ्या घरी राहावे. मुलाच्या अंगी चक्रवर्तीची लक्षणे असली तर स्वीकार, नसली तर पित्याकडे रवानगी. तोड व्यवहारी आहे, आणि अत्यंत अपमानकारक आहे. आईचा शब्द खरा की खोटा हे मुलाच्या तळहातावर ठरावयाचे! शकुंतला तेथे थांबत नाही, हे योग्यच झाले. आणि कवीने राजाला याबद्दल सोडलेले नाही. सहाव्या अंकात धनमित्र नावाचा समुद्रावरचा व्यापारी नौका बुडून मेल्याची आणि तो निःसंतान असल्याने त्याचे धन राजाकडे जमा व्हावयाचे असल्याची टिपणी येते. अंगठी सापडून शुद्धीवर आलेला राजा विचारतो, त्याच्या बायकांपैकी कोणी गर्भवती आहे काय? एकीचे पुंसवन नुकतेच झाल्याचे कळते, आणि राजा निर्णय देतो की पितृधनावर गर्भाचा हक्क आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या विसाव्या कलमात गर्भस्थ अपत्याला जो अधिकार दिला आहे, तोच हा निवाडा. परक्याच्या विधवेच्या उदरात राजाला वारस दिसला. स्वतःच्या पत्नीच्या उदरात दिसला नव्हता. यापेक्षा अधिक कठोर टीका कोणत्या टीकाकाराने दुष्यंतावर केली आहे?

सातव्या अंकात शकुंतला पुन्हा दिसते तेव्हा अंगावर धुळकट वस्त्रे आणि पाठीवर एकच वेणी आहे. झाडांनी दिलेले क्षौम कोठे गेले, हे कवी सांगत नाही.

इतके सगळे नाटकात लखलखीत असता आमच्या परंपरेने काय उचलले? राजा रविवर्म्याच्या चित्रांनी शकुंतला घरोघरी पोहोचविली. पण ती प्रेमपत्र लिहिणारी शकुंतला, किंवा पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे पाहणारी शकुंतला. दोन्ही विवाहापूर्वीच्या. किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तो पहिल्या चार अंकांचाच होता, म्हणजे मराठी रंगभूमीच्या त्या ऐतिहासिक रात्री पडदा पडला तो सजलेल्या गर्भवती वधूच्या प्रस्थानावर. प्रेक्षक गहिवरले असतील ते मुलगी सासरी चालली म्हणून. ती कोणत्या अवस्थेत चालली, हे त्यांच्यापैकी कितीजणांच्या मनात राहिले असेल? पुढे बालगंधर्वांनी ही भूमिका करून शकुंतलेच्या लुगड्याला आणि दागिन्यांना एक देखणेपण दिले, आणि त्या देखणेपणाची नक्कल गावोगावच्या हौशी मंडळींनी केली. सडपातळ, ताठ, काचोळी घट्ट आवळलेली शकुंतला आम्ही सर्वांनी पाहिली आहे. ती पहिल्या अंकात शोभते. चौथ्यात आणि पाचव्यातही तीच आली, तर राजाचे ‘क्षेत्री’चे भाषण हवेत जाते, कारण ज्या चिन्हांबद्दल तो बोलतो ती प्रेक्षकांना दिसत नाहीत, आणि शकुंतलेवर उगाच कोणी आळ घेत आहे असे वाटू लागते. कालिदासाला हे अभिप्रेत नव्हते. चिन्ह खरे आहे, उघड आहे, आणि पवित्र आहे. चुकतो तो पाहणारा.

गोव्यातील आणि सीमाभागातील देवस्थानांच्या उत्सवांत मराठी नाटके करण्याची परंपरा आमची आहे, आणि तिच्यातील उत्साह अद्याप मावळलेला नाही. त्या मंडळींपैकी कोणी शाकुंतल हाती घेतले, तर वेशभूषेच्या बाबतीत आमची मागणी फार मोठी नाही. उशा बांधून सोंग उभे करू नये; ते हास्यास्पद होते. पहिल्या अंकातले वल्कल घट्टच असावे आणि अनसूयेने ते खरोखर, सर्वांना दिसेल असे, सैल करावे. चौथ्या अंकातील शुभ्र वस्त्राच्या निऱ्या छातीच्या थोड्या खालून सोडाव्यात, पदर पुढून न ओढता खांद्यावर मोकळा ठेवावा, आणि नटीने चालताना हरिणीचा तो मंदपणा पावलांत आणावा. नारळाची डबी फांदीवर आधीपासून टांगलेली असावी. अनसूया ती काढेल तेव्हा पुढच्या रांगेतील वृद्ध स्त्रियांना काही सांगावे लागणार नाही. आणि पाचव्या अंकात गौतमी अवगुंठन दूर करील तेव्हा दिव्याचा प्रकाश केवळ चेहऱ्यावर न टाकता साऱ्या देहावर असू द्यावा, म्हणजे राजाला काय दिसते व काय दिसत नाही ते सभामंडपात बसलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर राहील.